तेवढं मुलांना फिरवून आणा

शनिवार

ही वही सूनबाईंनी दिली. "आई, जहाजावर तुमचा वेळ जाणार नाही. रोज थोडं लिहीत जा, मन रमेल." माझं मन रमवायची काळजी हिला अचानक कुठून लागली कोण जाणे. आयुष्यभर इस्पितळात काढलं, शेवटची बारा वर्षं मेट्रन होते. माझ्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातल्या नर्सेस हातातला सामोसा टेबलाखाली लपवत. अशा बाईला मन रमवायला गुलाबी फुलांची वही! तरी लिहितेय, कारण या जहाजावर दुसरं करण्यासारखं काही नाही.

जहाज म्हणे. पाण्यावर सोडलेला लग्नाचा हॉल आहे नुसता. जिन्याजिन्यात आरसे आणि प्रत्येक आरशापुढे पोट आत ओढून उभा असलेला एखादा गृहस्थ. माझ्या वयाचे पुरुष फुलाफुलांच्या अर्ध्या चड्ड्या घालून शिंगं मोडून वासरांत शिरलेत. जेवणाच्या हॉलमध्ये तर बघवत नाही. ताटात डोंगर रचायचा, निम्मा टाकायचा आणि परत रांगेत उभं राहायचं.

सहल चिरंजीवांनी काढली. "सगळ्यांनी एकदा एकत्र जाऊ या, आई." आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा हाच मुलगा एका घरात राहून दुकानदाराच्या हातून केक पाठवून मोकळा झाला होता. आता एकदम समुद्र! वर चढताना म्हणाला, "परतायच्या आधी तुझ्याशी आणि बाबांशी एक बोलायचंय." काय ते आत्ता बोल म्हटलं, तर "आत्ता नको, मजा करा." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. आई-बापांना मजा करा म्हणणारा मुलगा आई-बापांची कुठेतरी सोय लावून आलेला असतो. आमच्या शेजारच्या वकिलीणबाईंना त्यांच्या मुलाने आधी थंड हवेच्या ठिकाणी नेऊन आणलं होतं. आता त्या जिथे राहतात तिथे जेवणाची घंटा होते.

खोल्यांची वाटणी सूनबाईंनी केली. त्या आणि दोन्ही मुलं एका खोलीत, चिरंजीव आमच्या खोलीत भिंतीतून खाली ओढायच्या फळीवर. कारण काय, तर त्याच्या घोरण्याने मुलांची झोप मोडते. दहा वर्षांत मोडली नाही ती आता मोडायला लागली. राणीसाहेबांना ऐसपैस पलंग हवा, दुसरं काय.

जहाज सुटायला उशीर झाला. आमचे हे भयंकर खूश. जन्मभर स्टेशनमास्तर होते. दुसऱ्याची गाडी उशिरा सुटली की यांना अजून गोड लागतं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून "आमच्या वेळी असं चाललं नसतं" असं तीनदा म्हणाले.

सोमवार

पहिलं बंदर. न्याहारी होते न होते तोच सूनबाई आल्या. "आई, तेवढं मुलांना फिरवून आणता? आम्ही दोघं जरा वरच थांबतो." डोळे लाल होते. पोहण्याच्या तलावात औषध फार घालतात, असं म्हणाल्या. मग डुंबू नका! पण नाही, फुकट मिळालेल्या पाण्यात बसलंच पाहिजे.

म्हणजे सहल यांची आणि आया आम्ही.

नात दहा वर्षांची. घरात तिला मास्तरीण म्हणतात, कारण भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं की ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि मग सगळे तसं वागतायत की नाही ते बघायचं. आजोबांचं रक्त. नातू सहा वर्षांचा गुंड्या. त्याच्या शर्टाचं एक तरी बटण रोज तुटतं.

उतरताना दाराशी प्रत्येकाचं कार्ड यंत्रापुढे धरतात, ते टुणकन वाजतं. कोण खाली गेलं आणि कोण परत आलं हे त्यांना कळतं म्हणे. आम्ही इस्पितळात रजिस्टरवर भागवत होतो आणि एकही पेशंट हरवला नाही.

गाव कसलं, दुकानांची रांग. हातात पंखा उंच धरलेली एक वाटाडी मुलगी पुढे आणि मागे आम्ही चाळीस मेंढरं. ती एका पडक्या भिंतीपाशी थांबून म्हणाली, ही फार जुनी आहे. मला वाटलं, दिसतंच आहे. लोकांनी त्या भिंतीला टेकून फोटो काढले. गुंड्याने भिंतीवर सरडा बघितला. पूर्ण सहलीत बघण्यासारखं काही ज्याला दिसलं असा तो एकटाच.

खरी मजा परत आल्यावर झाली. जहाज सुटायच्या बेतात होतं आणि एक जोडपं धक्क्यावरून धावत येत होतं. बाईच्या एका हातात चपला, दुसऱ्या हातात टोपल्या. वरच्या कठड्याला लोकांची ही गर्दी! टाळ्या, शिट्ट्या. तमाशा बघायला मिळाला की माणसं किती आनंदी होतात. ते दोघं आत आले आणि जिना उचलला.

मास्तरीण टाळ्या वाजवत नव्हती. आमची खोली आवरणारा मुलगा शेजारी उभा होता, त्याला विचारायला लागली, "ते चुकले असते तर?"

"तर जहाज गेलं असतं, बेबी."

"आणि त्यांच्या घरचे आत असते तर?"

"मग घरच्यांनापण उतरावं लागतं. सामान घेऊन, सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन. मग सगळ्यांनी मिळून रस्त्याने पुढचं बंदर गाठायचं."

"सगळ्यांनी मिळून?"

"मग काय, वेगवेगळं कशाला जातील?"

मी तिला ओढून आत नेली. कामाच्या माणसाचा वेळ खायचा नाही, हे या मुलांना कोणी शिकवलेलंच नाही.

मंगळवार

दिवसभर पाणी. जहाजाचा फोटोग्राफर सगळ्यांना नटवून जिन्यावर उभं करतो. आमचाही काढला. त्याने चिरंजीवांना सूनबाईंच्या खांद्यावर हात ठेवायला सांगितलं, तर हा हात ठेवू की नको करत राहिला, जसं काही इस्त्री गरम आहे. शेवटी गुंड्याला मध्ये उभा केला. संध्याकाळी सूनबाईंनी त्या फोटोच्या दोन प्रती घेतल्या. एका घरात दोन कशाला म्हटलं, तर दोन्ही पर्समध्ये ठेवून दिल्या. मला कळलं बरं. एक यांच्या दिवाणखान्यात, आणि दुसरी आमच्या त्या घंटेवर जेवायच्या ठिकाणच्या भिंतीवर.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तू उगाच काहीतरी." आणि घड्याळाला किल्ली देत बसले.

गुरुवार

दुसरं बंदर. पुन्हा तेच, "आई, तेवढं मुलांना..." वाक्य पुरं करायचीसुद्धा तसदी घेतली नाही. मागे चिरंजीव खिडकीकडे तोंड करून उभे.

टेकडीवर किल्ला होता. पायऱ्या चढून वर गेलं की खाली आपलंच जहाज दिसतं. एवढ्यासाठी लोक धापा टाकत येतात. हे पायऱ्यांवर बसले. मास्तरीण त्यांच्या मनगटाला चिकटली.

"आबा, तुमचं घड्याळ कधी चुकतं का?"

"हॅ! मी ज्या स्टेशनात उतरायचो, तिथल्या घड्याळाला हे लावून घ्यायचो. ज्या गावात आहोत त्या गावाची वेळ पाळायची. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली, आणि पुढे बराच वेळ काही वाचून दाखवलं नाही. असं सहसा होत नाही.

गुंड्याला लिंबूपाणी घेऊन दिलं. पितापिता म्हणाला, "आजी, नव्या घरात माझा पलंग वरचा आहे. शिडी लावून चढायचं." मास्तरणीने त्याला असा चिमटा काढला की लिंबूपाणी माझ्या साडीवर.

"कुठलं नवं घर?" मी विचारलं.

"तो काहीपण बोलतो," ती म्हणाली. तोंड गोरंमोरं.

झालं. नवं घर घेतलंय! वरच्या पलंगापर्यंत सगळं ठरलंय आणि आम्हाला पत्ता नाही. दोन घरं झाली की जुनं विकायचं, आणि जुन्यात जे सामान आहे, म्हणजे आम्ही, ते हलवायचं. आणि लहान मुलांनासुद्धा तोंड बंद ठेवायला शिकवलंय. ही कसली माणसं!

मला राहवेना. वर आल्यावर सूनबाईंना कठड्याशी गाठलं. म्हटलं, "नव्या घराचं कळलं आम्हाला. आमची सोय कुठे लावलीत तेवढं सांगा, म्हणजे मी स्वेटर बांधायला घेते."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, तुम्हाला वाटतं मी तुम्हाला कुठे पाठवेन? तुम्ही कुठेही जाणार नाही. उलट मीच..." माझा हात धरला आणि रडायला लागली. चांगली हुंदके देऊन. येणारे-जाणारे बघत होते. मी हात सोडवून घेतला. पकडलं गेल्यावर रडणारे मी खूप पाहिलेत. औषधांच्या कपाटाची किल्ली हरवलेली प्रत्येक नर्स असंच रडायची.

रात्री जेवताना चिरंजीवांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. ती म्हणाली, "थँक्स." नवरा-बायकोत थँक्स! शिष्टाचार बघावेत यांचे.

मास्तरीण त्या खोली आवरणाऱ्या मुलाला पुन्हा पिडत होती, काहीतरी घड्याळांबद्दल. मी गोळ्या काढत होते, लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, बंदरातल्या प्रतीक्षागृहात

जहाज गेलं. आमच्याशिवाय.

सगळं सुरुवातीपासून लिहिते.

सकाळी मुलांना घेऊन उतरलो. बाजारचौकात एक उंच मनोरा, त्यावर घड्याळ. मास्तरीण म्हणाली, "आबा, तुमचं घड्याळ एक तास पुढे आहे. गावाचं लावून घ्या ना." यांनी मनोऱ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि काटा मागे घेतला. नातीच्या पाठीवर शाबासकी दिली. मीसुद्धा म्हटलं, "त्या जहाजवाल्यांचा काय भरवसा! दिवसरात्र नाचगाणी, घड्याळ लावायला फुरसत कोणाला असते." हे माझे शब्द. मीच बोलले.

मग एक जादा तास मिळाल्यासारखे आम्ही हिंडलो. मास्तरीण आज भारी हौशी. हे बघू, ते बघू. कधी नाही ती आजीच्या गुडघ्यांची चौकशी करून मला दोनदा बाकावर बसवलं. गुंड्याला कबुतरांना दाणे टाकायचे होते, तर म्हणाली, "आणखी एक पुडी घे." मला वाटलं, चला, या बंदरात तरी पोरगी खुलली.

धक्क्यावर आलो तर धक्का रिकामा. एवढं मोठं धूड, पण गेल्यावर काही म्हणता काही शिल्लक नाही, नुसते दोर बांधायचे लोखंडी खुंट आणि तेलकट पाणी. जहाज लांब बाहेर पडलेलं दिसत होतं. हे घड्याळ कानाला लावून उभे राहिले. "चालू आहे ग," म्हणाले, "चालू तर आहे." आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या गाड्या सोडल्या, त्याचा चेहरा मला बघवेना.

इतक्यात गोदामाच्या सावलीतून चिरंजीव आला, हातात दोन बॅगा. दुसऱ्या बाजूने सूनबाई, तिच्या दोन बॅगा. सूनबाईंनी मुलांना छातीशी धरलं. चिरंजीवाने बापाला धरलं. "बाबा, जहाजाचं घड्याळ बदलत नाही! खोलीत येतो त्या कागदावर रोज छापलेलं असतं! तुम्हाला, स्टेशनमास्तरला, हे कळू नये?" यांनी काटा फिरवायच्या गुंडीवर नुसतं बोट ठेवलं.

"आबांना ओरडू नका." मास्तरीण. "मी त्यांना लावायला सांगितलं. मला माहीत होतं जहाजाचं बदलत नाही."

"माहीत होतं? मग?"

"जहाज चुकलं की सगळ्यांना उतरावं लागतं. आणि सगळ्यांना एकाच गाडीतून जावं लागतं."

मी म्हटलं, "एकाच गाडीतून? घरी काय दहा गाड्या उभ्या आहेत आपल्या? एवढ्यासाठी जहाज बुडवलंस?"

सूनबाई बॅगेवर बसली. चिरंजीवाने तोंड फिरवलं, आणि त्याचे खांदे हलत होते. गुंड्या म्हणाला, "ताई, आता सांगू का आजीला?" ती म्हणाली, "नको. आजी-आबांची सहल आहे."

बंदरातल्या कारकुनाने आत बसायला जागा दिली. सकाळी गाडी मिळेल म्हणतो. या सगळ्या लोकांना काय झालंय, मला कळत नाही. बॅगासुद्धा वेगवेगळ्या भरल्यात. त्याचे कपडे त्याच्यात, तिचे तिच्यात. गडबडीत, धावपळीत, इतक्या नीट?

शनिवार, रस्त्यालगतच्या खाणावळीत

चिरंजीवाने सकाळी सांगितलं. गाडीची वाट बघताना, चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत धरून. दोघं वेगळे होतायत. नवं घर त्याचं आहे. मुलं शनिवार-रविवार तिथे. आम्ही आहोत तिथेच राहायचं, सूनबाई आणि मुलांबरोबर. हे तिनेच मागून घेतलं म्हणे, की आई-बाबा माझ्याजवळ राहू देत. सहल एकदा सगळ्यांची एकत्र, एवढ्यासाठी. खाली मुलं फिरताना वर दोघं बोलायची, ठरवायची, पुन्हा रडायची.

तलावातलं औषध! मी, जिला दारातून पेशंट बघून ताप कळायचा. आठ दिवस कशाला, एका फळीवरच्या अंथरुणावरून कळायला हवं होतं. कठड्याशी तिने धरलेला हात मी सोडवून घेतला. मेट्रन म्हणे. जहाजावरच्या सगळ्या मूर्खांची मी चेष्टा केली आणि त्यातली सगळ्यांत ढ बाई रोज आरशासमोर पदर नीट करत होती.

दोघांचा रागही येतो. इतकी शिकलेली माणसं आणि सुचलं काय, तर फोटोच्या दोन प्रती. त्या पोरीला निदान घड्याळ मागे घ्यायचं सुचलं.

सकाळी सूनबाईच्या बॅगेची चेन अडकत होती, ती लावून दिली. ती म्हणाली, "राहू द्या, आई." मी म्हटलं, "तू राहू दे." आयुष्यात पहिल्यांदा तिला अगंतुगं केलं. तिला कळलं असावं.

गाडी मोठी आहे, सहा जणांची. मास्तरणीने जागा वाटल्या. आबा पुढे, आजी आणि ती मध्ये, मागे आई आणि बाबा, त्यांच्यामध्ये गुंड्या. गुंड्या झोपला, डोकं आईच्या मांडीवर आणि पाय बापाच्या. त्यामुळे दोघांना हलता येत नाही. तासभर दोघं पुतळ्यासारखी बसली होती. मग चिरंजीव हळूच म्हणाला, "याच्या शर्टाचं बटण परत गेलं." ती म्हणाली, "माझ्याकडे आहे." बस, एवढंच. मास्तरीण मागे वळून न बघता ऐकत होती. तिचे कान लाल झाले होते.

ड्रायव्हर इथे गाडी थंड करायला थांबला. म्हणतो, आता न थांबता गेलो तर जहाज नक्की गाठून देतो. मास्तरणीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आजी, पुढच्या गावीपण उशीर करता येईल का?"

तिला काय सांगायचं असतं? असं करून काही होत नसतं, बाळ, असं सांगायचं असतं. मी यांच्याकडे बघितलं. यांनी ऐकलं होतं. घड्याळ मनगटावरून काढलं आणि खिशात टाकलं.

मी वही उघडली.

सगळे गाडीत बसलेत. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी बोट वर करून थांब म्हटलं. वॉर्डात या बोटापुढे मोठमोठे डॉक्टर थांबलेत. गुंड्या अजून झोपलाय आणि त्यामुळे मागे दोघं अजून तशीच आहेत. तिने त्याच्या पायावरची माशी हाकलली. हाकलताना हात चिरंजीवाच्या गुडघ्याला लागला. तिने मागे घेतला, पण लगेच नाही.

पुन्हा हॉर्न. सूनबाई खिडकीतून विचारतेय, "आई, झालं का लिहून?"

नाही म्हटलं. अजून बरंच आहे.

लिहायला काहीच उरलेलं नाही. तरी पेन चालू ठेवलंय.